भिंतीपलीकडची आच

सासूबाईंच्या उजव्या टाचेला आलेला फोड तिच्या नजरेस पडला तो मोजा बदलताना. बोराएवढा, पाण्यानं टम्म भरलेला. सासूबाई मात्र खिडकीबाहेर बघत निवांत बसल्या होत्या.

"आई, दुखत नाही का हो हे?"

"काय दुखत नाही?"

"अहो, केवढा फोड आलाय!"

सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तशा म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की!"

पंधरा वर्षांच्या मधुमेहानं त्यांच्या पावलांतली जाणीव गेली होती. घोट्याच्या खाली टाचणी टोचली तरी कळायचं नाही. म्हणून सून रोज सकाळ-संध्याकाळ त्यांची पावलं उलटसुलट करून तपासायची. त्यात तिनं कधी कसूर केली नव्हती. तरीही हा फोड एका रात्रीत आला होता.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवून टाच पाहिली आणि सरळ विचारलं, "गरम पाण्याची पिशवी कोण देतं यांना?"

"कोणीच नाही. आमच्या घरात पिशवीच नाहीये."

"मग शेकोटी? हीटर?"

"नाही हो."

"हे भाजलेलं आहे," त्या म्हणाल्या. "चपलेनं घासून आलेला फोड मला ओळखता येतो. हा तो नाही." आणि त्यांनी कागदावर तसं लिहिलं. भाजल्याची जखम.

त्या एका ओळीनं तिच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

कारण तिचा धंदाच आचेचा होता. गल्लीत तिला सगळे इस्त्रीवाली म्हणूनच ओळखत. जवळच्या विश्रामगृहाच्या चादरी, उशांचे अभ्रे, तिथल्या नोकरांचे शर्ट असं सगळं ती घरीच इस्त्री करायची. बाहेरच्या खोलीत भलंमोठं लाकडी टेबल, त्यावर जुन्या कांबळ्यांची घडी, त्यावर पांढरं कापड. नवरा बस चालवायचा. त्याच्या पाळ्या बदलत्या, म्हणून घराला आधार तिच्या इस्त्रीचाच. आतल्या अरुंद खोलीत सासूबाईंचा पलंग. घर वरच्या मजल्यावर, खाली बेकरी.

फोडाची बातमी कळताच नणंद दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं येऊन थडकली. नणंद शाळेत मुख्याध्यापिका. बोलणं कसं, तर समोरचा नेहमी पाचवीच्या वर्गातच बसलेला.

"वहिनी, मला खरं सांग. रागावणार नाही मी. आईच्या पायाशी तू काही गरम ठेवलंस का?"

तिनं खरं सांगितलं, आणि तिथेच फसली. पंधरा दिवसांपूर्वी थंडीचा कडाका वाढला, तेव्हा एकदा तिनं इस्त्री केलेलं गरम पांघरूण सासूबाईंच्या पायांवर घातलं होतं. आधी आपल्या गालाला लावून बघितलं होतं. एकदाच. आणि फोड तर आत्ताचा.

"म्हणजे ठेवलं होतंस," नणंद म्हणाली.

"ताई, पंधरा दिवस झाले त्याला. कापसाचं पांघरूण ते. टेबलावरून पलंगापर्यंत नेईस्तोवर निम्मं गार होतं."

"मी फक्त विचारलं."

'फक्त विचारलं' म्हणत नणंदेनं ते शेजारणीला सांगितलं, फोनवरून मावशीला सांगितलं आणि संध्याकाळी भावालाही सांगितलं. नवरा बिचारा दिवसभर चाक फिरवून आलेला. तो म्हणाला, "जाऊ दे ना. यापुढे काळजी घे म्हणजे झालं."

यापुढे काळजी घे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आजवर घेतली नव्हती, असं यालाही वाटत होतं.

चौथ्या दिवशी सासूबाईंच्या त्याच पायाच्या करंगळीला दुसरा फोड आला. टाचेला पट्टी होती, तिथं काही नाही. करंगळी उघडी होती, तिथं आला. त्या चार दिवसांत तिनं सासूबाईंच्या पलंगाजवळ गरम चहाचा कपसुद्धा ठेवला नव्हता. तो नणंदच द्यायची. आता तिला दोष कुणाचा हे नाही, तर फोडामागचं कारण शोधायचं होतं.

पलंगाच्या पायथ्याशी भिंत होती. ती भिंत कोमट असते हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यात खालच्या बेकरीवाल्यानं नवी भट्टी बांधली आणि तिचं धुराडं याच भिंतीला लागून, बाहेरच्या बाजूनं वर नेलं. उन्हाळ्यात खोलीत घाम फुटायचा, म्हणून तेव्हा ती कुरकुरली होती. थंडीत कुणी तक्रार केली नाही. तिनं तळहात भिंतीवर फिरवला. कोमट. दुपारच्या चहाच्या रिकाम्या कपासारखी. एवढ्यानं फोड येत नाही, हे तिलाही कळत होतं. पण दुसरं होतं काय?

ती खाली गेली. बेकरीवाले काका पाव मोजून पेटीत भरत होते.

"काका, तुमच्या धुराड्यानं आमच्या आईंचा पाय भाजतोय."

काकांनी हात थांबवला नाही. "अगं, वीतभर जाडीची भिंत ती. वीट आहे, वर गिलावा आहे. विटेतून कुणी भाजतं का? माझी भट्टी विटेचीच आहे. आत पाव भाजतात आणि बाहेरून मी टेकून उभा राहतो." आणि ते खरोखरच भट्टीला पाठ टेकून उभे राहिले. "बघ. भाजलो का मी?"

कामगार हसले. तरी काका वर आले, भिंतीला हात लावला, म्हणाले, "छान ऊब आहे की! म्हातारीला बरं वाटत असेल." सासूबाईंनीही मान हलवली.

घरमालकाला फोन केला, तर तो म्हणाला, "धुराडं बेकरीचं, मी काय करणार? लेखी द्या." लेखी दिलं. मग म्हणाला, "हे नगरपालिकेचं काम." नगरपालिकेत गेली, तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "धूर येतो का घरात?"

"धूर नाही, आच येते."

"धुराचा अर्ज आहे. आचेचा अर्ज नाहीये."

"मग धुराच्याच अर्जावर लिहू का?"

"लिहा. पण धूर येत नसेल तर तपासणी होणार नाही."

तीन खेपा झाल्या. विश्रामगृहाच्या चादरी तुंबल्या, तिथल्या व्यवस्थापकानं दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्या खेपेला तिनं अर्जावर 'धूर व आच' असं लिहून दिलं, तेव्हा कुठे तपासनीस साहेब यायचं ठरलं. आले गुरुवारी, भर दुपारी बारा वाजता. बेकरीची भट्टी पहाटे पेटते आणि आठ-साडेआठला विझते. पुन्हा तीनला पेटते. हे तिनं अर्जात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

साहेबांनी खिशातून पिस्तुलासारखं यंत्र काढलं आणि भिंतीच्या मधोमध लाल ठिपका पाडला. "छत्तीस अंश. तुमच्या अंगाएवढीच गरम आहे, बाई."

"साहेब, भट्टी बंद आहे आत्ता. सकाळी सातला बघा. आणि खाली बघा, पायांच्या पातळीला. तिथं गादी आड येते, थांबा, सरकवते."

"वीट लगेच गार होत नाही. सकाळी फार तर चाळीस असेल." साहेबांनी तेवढ्यात वहीत लिहिलंसुद्धा. 'भिंत कोमट. धोका आढळला नाही.' जाताना सासूबाईंना म्हणाले, "आजी, थंडीत फुकटची शेगडी मिळाली तुम्हाला!" सासूबाई खुदकन हसल्या. नणंद दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिचं ते बघणंच जास्त झोंबलं.

त्या दुपारी तिनं कुणाला न विचारता पलंग हातभर पुढे ओढला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे पोचवून आली, तो पलंग पुन्हा भिंतीला टेकलेला.

"कुणी सरकवला?"

नवरा दाढी करत होता. "आईनं सांगितलं. तिला खिडकीतून रस्ता दिसत नाही म्हणे."

"अहो, मी सरकवला होता तो काय हौस म्हणून?"

"साहेबांनी लिहून दिलंय ना, धोका नाही म्हणून? मग आईला कशाला त्रास?"

ती सासूबाईंच्या समोर जाऊन बसली. "आई, खरं सांगा. खिडकीचं कारण आहे की दुसरं काही?"

सासूबाईंनी पांघरुणाशी चाळा केला. मग हळूच म्हणाल्या, "गुडघ्यांपर्यंत छान ऊब येते गं. पहाटे पहाटे तर फारच. मी खाली सरकून पाय भिंतीला लावते आणि वरून पांघरूण नीट खोचून घेते. गुडघे दुखायचे थांबतात. तुला सांगितलं असतं, तर तू पलंग हलवला असतास."

सगळं गाव पालथं घातलं, खिडक्यांपुढे उभी राहिली, चारचौघांत हसं करून घेतलं आणि इथं ही बाई रोज पहाटे आपणहून पाय नेऊन भिंतीला लावत होती! ती उठून टेबलापाशी गेली आणि सहा शर्ट न थांबता इस्त्री केले.

सातव्या शर्टाशी ती थांबली. इस्त्री केलेल्या शर्टांच्या चळतीत तिनं सहज हात घातला होता. वरचा शर्ट गार, तळाचा गार आणि मधले दोन अजून गरम. त्यांची ऊब जायला वाट नव्हती, चहूबाजूंनी कापड. तिच्या मनात आलं, पांघरूण खोचून घेतात म्हणाल्या. म्हणजे भिंतीची ऊब तिथं कोंडते. दिवसा पांघरूण काढून हात लावला, की ती केव्हाच हवेत निघून गेलेली असते. साहेबांच्या यंत्राला, काकांच्या हाताला, माझ्या हाताला ती सापडणार कशी?

पण तरीही विटेतून इतकी? काकांचं म्हणणं तिला नाकारता येत नव्हतं. विटेला ऊब सोडायची घाई नसते. घाई असते लोखंडाला. इस्त्रीचा पत्रा रसरसला तरी मूठ हातात धरवते, ती लाकडाची असते ते उगाच नाही.

दोन दिवसांनी नणंदेनं निकाल दिला. एक तर इस्त्रीचं काम घराबाहेर हलवायचं, नाही तर ती आईला आपल्याकडे घेऊन जाणार. "मला कुणावर आरोप करायचा नाही," ती म्हणाली. "पण तिसरा फोड मी येऊ देणार नाही."

"उद्या सकाळपर्यंत थांबा, ताई," ती म्हणाली. "मग हवं ते करा."

दुसऱ्या दिवशी ती कपडे पोचवायला गेली नाही. सकाळी सात वाजता, खाली भट्टी रसरसलेली असताना, तिनं सासूबाईंना बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, पलंग बाजूला ओढला, एक जुनी झिरझिरीत चादर पाण्यात बुडवून घट्ट पिळली आणि भिंतीच्या खालच्या भागावर चापूनचोपून चिकटवली. इस्त्रीआधी कापडावर पाणी शिंपडणाऱ्या हातांना ओल कुठे किती टिकते याचा अंदाज असतो. बाकी तिच्याकडे दुसरं यंत्र नव्हतं.

"हे काय आता?" नणंदेनं विचारलं.

"बघत राहा."

ओली चादर भिंतीवर काळपट दिसत होती. पाच मिनिटं काहीच झालं नाही. नणंदेनं घड्याळात पाहिलं. नवरा दारात ब्रश तोंडात धरून उभा. आणि मग गुडघ्याच्या उंचीला, जिथं गादीची कड टेकायची त्याच्या बरोबर वर, एक पांढरा ठिपका उमटला. तो पसरत गेला. दहा मिनिटांत तळहाताएवढा चौकोन कोरडाठाक पांढरा झाला. आजूबाजूची चादर अजून ओलीच होती. चौकोनाच्या कडा इतक्या सरळ होत्या, की जणू कुणी पट्टीनं आखल्या असाव्यात.

"वीट असा चौकोन काढत नाही," ती म्हणाली.

तिनं स्वयंपाकघरातली बोथट सुरी आणली आणि तिथं खरवडायला लागली. रंग निघाला, मग पुट्टीचा पापुद्रा, मग सुरी खर्रकन वाजली. लोखंड. अजून खरवडलं, तेव्हा चौकोनी पट्टी दिसली आणि पट्टीच्या मध्यभागी अंगठ्याएवढ्या बोल्टाचं डोकं.

"यावर हात लावा, ताई."

नणंदेनं बोटं टेकवली. "गरम आहे. पण इतकं..."

"थांबा." तिनं सासूबाईंचं पांघरूण आणून पट्टीवर दुमडून लावलं, पलंग पूर्वीसारखा भिंतीला टेकवून ते दाबून धरलं. पंधरा मिनिटं ते तसंच धरून ठेवलं. खालून पावांचा वास येत होता. मग तिनं पांघरुणाची कड उचलली. "आता आत हात घाला. आई ठेवतात तसा ठेवा."

नणंदेनं हात घातला आणि चटका बसल्यासारखा झटकन बाहेर काढला. तिनं बोटांकडे पाहिलं, मग आईकडे, मग दुसरीकडेच कुठे तरी.

"आईंचा पाय तासभर असतो तिथं," ती नणंदेला म्हणाली. "त्यांना झटकन काढता येत नाही."

नवऱ्यानं तोंड धुतलं नाही, तसाच खाली धावला. बेकरीवाले काका कोपरापर्यंत पिठानं माखलेले वर आले. त्यांनीही हात घातला, ओढला आणि पांघरूण बाजूला सारून तो बोल्ट निरखला. या वेळी त्यांनी विनोद केला नाही.

"हा बोल्ट इथं कसा?" ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं नव्हतं."

धुराडं बसवणाऱ्या वेल्डरला बोलावलं. तो आला, पट्टी पाहिली आणि त्याला काही विशेष वाटलंच नाही. "अहो, एवढं लांब धुराडं, त्याला मधे पकड नको? पकड विटेत धरत नव्हती, म्हणून आरपार बोल्ट काढला आणि या बाजूला पट्टी देऊन कसला. पक्कं काम आहे. वादळात हलणार नाही."

"एक टोक तापलेल्या धुराड्याला, दुसरं आमच्या पलंगाशी," ती म्हणाली. "भिंत तर फक्त बघत बसली."

"पण तुम्ही आमच्या खोलीत आलात कधी?" नवऱ्यानं विचारलं.

मागच्या उन्हाळ्यात घरमालकानं खोली रंगवून दिली होती. आपणहून. तेव्हा आठवडाभर ते सगळे नणंदेकडे राहायला गेले होते आणि परत आल्यावर तिनं घरमालकाचे दहादा आभार मानले होते. बोल्ट आत आला तो त्याच आठवड्यात. पट्टी वाईट दिसू नये म्हणून वेल्डरनं वरून पुट्टी मारली आणि रंगाऱ्यानं रंग दिला. घरमालकाला माहीत होतं. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "लोखंडाची एक पट्टी, त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

काकांनी बेकरी चार दिवस बंद ठेवली. बोल्ट कापला, भोक बुजवलं, धुराड्याला जमिनीवरून स्वतंत्र खांबांचा आधार दिला आणि भिंत व धुराडं यांच्यात वीतभर मोकळी जागा सोडून त्याभोवती तापरोधक लोकरीचं वेष्टण गुंडाळलं. ते स्वतः उभे राहून करून घेतलं. जाताना पावाची एक लादी दारात ठेवून गेले. तिला ती आत घ्यावी की परत करावी, तेच कळेना. शेवटी सासूबाईंनीच आत मागवली.

टाच भरून आली. करंगळी भरली नाही. तिथं रक्तच पुरेसं पोचत नव्हतं. महिन्याभरानं ती काढावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी दोन आठवडे गेले असते, तर पाऊल गेलं असतं. तुम्ही वेळेत शोधलंत." बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "डॉक्टर चांगल्या आहेत हं." एवढंच. मावशीला, शेजारणीला जे सांगून झालं होतं, ते परत घ्यायला तिनं कुणालाही फोन केला नाही. गाडीत बसताना तिनं वहिनीचा दंड धरून घट्ट दाबला. बस्स. मुख्याध्यापिकांना याहून जास्त जमत नसावं. पण तेवढ्यानं वहिनीचं मन भरलं नाही.

नगरपालिकेत ती पुन्हा गेली. "त्या नोंदीत दुरुस्ती करा. धोका होता. हा डॉक्टरांचा कागद, हा कापलेला बोल्ट." तिनं बोल्ट काउंटरवर ठेवला.

"प्रकरण बंद झालंय," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "आता धोका आहे का?"

"आता नाही."

"मग नोंद बरोबर आहे."

ती बोल्ट पिशवीत टाकून परतली. रस्ताभर तिला त्या बाईंना द्यायची उत्तरं सुचत होती, एकाहून एक. घरी आल्यावर ती नवऱ्याला ऐकवायला लागली, तर तो म्हणाला, "सुटलो ना एकदाचे? सोड आता." तिनं त्याच्यापुढचं ताट उचललं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज लिहून तिनं टपालात टाकला. त्याला अजून उत्तर नाही.

आणि सासूबाई? त्या रुसल्या होत्या. "भिंत गार पडली," त्या रोज पहाटे म्हणायच्या. तिनं त्यांच्या गुडघ्यांना लोकरीचं कांबळं गुंडाळलं, तर तक्रार, की याला काही ऊब नाही.

"आई, कांबळं ऊब देत नसतं. आपल्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढंच करतं ते."

"माझ्या अंगात ऊबच उरली नसेल तर ते काय धरून ठेवणार?"

बाहेर टेबलावर चाळीस चादरी पडल्या होत्या. व्यवस्थापकाचा माणूस अकराला येणार होता. तिला एवढ्या कटकटीनंतर हे ऐकून घ्यायची मुळीच इच्छा नव्हती. तरी ती पलंगावर बसली, कांबळं बाजूला केलं आणि इस्त्रीवरून नुकतेच उठलेले आपले दोन्ही हात त्यांच्या गुडघ्यांवर ठेवले.

सासूबाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "जरा वर. हं, तिथं."